‘लेंड’ आणि ‘बॉरो’

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या दोन क्रियापदांचा घोटाळा फार बाधतो. कारण उघड आहे. मराठीत ‘उसने’ हा शब्द एकच. देणे की घेणे, हे पुढील क्रियापद सांगते. इंग्रजीत उसने देणे ते ‘लेंड’ व उसने घेणे ते ‘बॉरो’. हिशेबाच्या पत्रात एकाच्या जागी दुसरा शब्द पडला, तर धनकोचा ऋणको होतो!

रचनाही निराळी आहे. ‘लेंड’ दोन कर्मे घेऊ शकते: ‘लेंड मी टेन रुपीज’, म्हणजे मला दहा रुपये उसने द्या. ‘बॉरो’ला कर्म एकच; ज्याच्यापासून घेतले त्याच्या नावापूर्वी ‘फ्रॉम’ घालावे. भूतकाळी रूपे ‘लेंट’ आणि ‘बॉरोड’.

दोन्ही शब्दांत परतफेड गृहीत असते, हे मात्र नीट ध्यानात धरावे. १६११ च्या इंग्रजी शास्त्रात, निर्गम १२:३५, ३६ येथे, इस्राएल लोकांनी मिसऱ्यांपासून दागिने ‘बॉरो’ केले व मिसऱ्यांनी ते ‘लेंड’ केले, असे आहे. मग देश सोडून गेलेले हे लोक कर्जबुडवे की काय, असे कोणीही विचारील. परंतु मूळ इब्री क्रियापदाचा साधा अर्थ ‘मागणे’ असा आहे, आणि त्याच धातूच्या प्रयोजक रूपाचा अर्थ, मागितलेले देणे. १८८५ च्या सुधारलेल्या भाषांतरात ‘बॉरो’ काढून ‘आस्क’ घातले. तेव्हा ‘लेंड’लाही तेथून जावे लागले.