बारशाला बाळाचा पापा घेण्याआधी हे वाचा



आज मासळीचा भाव नाही, घरातल्या तान्ह्या बाळाची गोष्ट सांगतो. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा झुपका येतो ना, तो हर्पीस नावाचा विषाणू. मोठ्यांचा आठ-दहा दिवसांत सुकतो. पण महिन्याच्या आतल्या बाळाला लागला तर जिवावर बेततं. (नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते.)

लागतो कसा?
बहुतेक वेळा बाळंतपणात, आईच्या अंगावाटे. म्हणून गरोदर बाईला किंवा नवऱ्याला लघवीच्या जागी फोड-जखम झाली असेल, कधी झाली असेल, तरी डॉक्टरांना सांगावं. लाजू नये. औषध देता येतं, गरज पडल्यास सिझेरियन करतात. काही बाळांना जन्मानंतर पाप्यातून, हातातून लागतो.

ओळखायचं कसं?
१. अंगावर, डोळ्याजवळ, तोंडात पाण्याचे फोड
२. दूध ओढत नाही, सुस्त पडतं
३. ताप, किंवा अंग थंड
४. झटके, श्वासाला त्रास

फोड न येताही हा आजार होतो, हे ध्यानात ठेवा. "माता आली" म्हणून घरी थांबू नका. राख, शेंदूर, झाडपाला लावू नका. १०८ ला फोन करा. शिरेतून असायक्लोव्हिर देतात, १४ ते २१ दिवस. जितकं लवकर, तितकं बाळ वाचायची आशा जास्त.

आपण काय करायचं?
ओठावर फोड असेल तर बाळाचा पापा नाही, मग ती आजी असो की मामा. बारसं बाराव्या दिवशी, आणि बाळाला धोका पहिल्या महिन्यातच. जाळं ओढताना काटा टोचून बोटावर फोड आले असतील तर बाळाला हात लावू नका. एरवीही साबणाने हात धुऊनच घ्या. आईच्या ओठावर फोड असला तरी तोंड झाकून दूध पाजावं. स्तनावर फोड असेल तर त्या बाजूचं पाजू नये.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बाळं तपासली. तीन वर्षांत नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आज आशाताई तेच काम करते, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिला बाळ उघडं करून दाखवा.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांना ही पोस्ट नक्की पाठवा.