घरी लिहिलेली डीव्हीडी, परक्या यंत्रावर

प्रश्न : मुलीच्या लग्नाची डीव्हीडी मी संगणकावर तयार केली. आमच्याकडे ती उत्तम चालते. व्याह्यांच्या जुन्या प्लेअरवर मात्र नाही. तबकडी खराब असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तबकडीस दोष देण्याची घाई करू नका, आपल्याकडे ती चालते हाच तिच्या शाबूतपणाचा दाखला होय. कारखान्यात ठशाने उमटविलेल्या तबकडीपेक्षा रंगद्रव्याच्या थरावर लेसरने लिहिलेली तबकडी प्रकाश कमी परावर्तित करीत असल्याने, आणि पुनर्लेखनाची तर त्याहूनही कमी, जुन्या यंत्राच्या दृष्टीस ती पुष्कळदा पडतच नाही. चित्रण नुसती फाइल म्हणून न उतरविता डीव्हीडी-व्हिडिओ स्वरूपात, साध्या डीव्हीडी-आर तबकडीवर, ४एक्स वेगाने लिहून शेवटी ‘फायनलाइज’ अवश्य करा. कागदी लेबल चिकटवू नका, तोल बिघडतो. मूळ चित्रण हार्ड डिस्कवरून पुसू नका.