खटका नेमके कोणाचे रक्षण करतो?

साताऱ्याकडच्या पावसाळी गारठ्यात सकाळी गिझर, इस्त्री आणि विजेची शेगडी एकदमच सुरू झाली, की मीटरजवळच्या पेटीतला खटका (एम.सी.बी.) पुष्कळदा पडतो. मग कोणीतरी सुचवते, "10 चा काढून 32 चा बसवा, म्हणजे कटकट मिटेल!" हा सल्ला का घातक आहे, हे थोडे गणित करून पाहू.

प्रवाह किती?

गिझर 2,000, शेगडी 2,000 आणि इस्त्री 1,000 वॅट, मिळून 5,000 वॅट. घरातील विद्युतदाब 230 व्होल्ट. वॅटला व्होल्टने भागले, की प्रवाह मिळतो : 21.7 अँपिअर. ही तिन्ही उपकरणे एकाच जुन्या लाइनवर असून तिची तांब्याची तार 1.5 चौरस मिलिमीटर जाडीची आहे, असे समजा.

अशा तारेचा रोध दर मीटरला सुमारे 0.012 ओहम असतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा ज्यूलचा नियम तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणून 10 अँपिअरला तारेच्या प्रत्येक मीटरमध्ये 1.2 वॅट उष्णता निर्माण होते, तर 21.7 अँपिअरला 5.7 वॅट. प्रवाह जेमतेम दुप्पट, पण उष्णता जवळजवळ पाचपट! तार भिंतीतील नळीत कोंडलेली असल्याने ही उष्णता सहज बाहेर पडत नाही. नेहमीच्या पी.व्ही.सी. वेष्टनाला सतत सोसवणारे तापमान साधारण 70 अंश सेल्सिअस. त्यापलीकडे ते मऊ होते, पुढे कडक होऊन तडकते आणि एखाद्या दिवशी आग लागते.

10 चा खटका या प्रवाहाला थोड्याच वेळात पडतो. 32 चा मात्र पडणारच नाही, कारण त्याच्या दृष्टीने 21.7 अँपिअर हा नेहमीचा प्रवाह आहे. खटका उपकरणासाठी नसून भिंतीतल्या तारेसाठी असतो, हे यावरून ध्यानात येईल.

नियम

भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. 732 या वायरिंगच्या संहितेतील नियम सोपा आहे : उपकरणांचा प्रवाह खटक्याच्या आकड्याहून जास्त नको आणि खटक्याचा आकडा तारेच्या क्षमतेहून जास्त नको. म्हणून खटका बदलण्याऐवजी गिझरला 2.5 चौरस मिलिमीटरची वेगळी तार आणि 16 चा वेगळा खटका द्यावा. शेगडीलाही तसेच. शेतातल्या पंपाच्या किटकॅटमध्ये वितळतारेऐवजी जाड तार गुंडाळणे हीदेखील तीच चूक होय.

खटक्याच्या पोटात

आत दोन पहारेकरी असतात. अतिभार झाला, की द्विधातू पट्टी तापून हळूहळू वाकते आणि खटका पाडते. दुसरा पहारेकरी विद्युतचुंबक. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडून जी वीज तयार होते, ती ज्या प्रचंड जाळ्यात जाते, त्याचेच एक टोक तुमच्या मीटरपर्यंत आलेले असते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या आणि वाटेतील रोध अर्धाच ओहम उरला, तर 460 अँपिअर धावतात! तेव्हा पट्टी वाकण्याची वाट पाहून चालत नाही. विद्युतचुंबक क्षणार्धात लाइन तोडतो.

माणसाचे काय?

येथे एक गोष्ट विसरू नका. माणसाच्या शरीरातून काही दहा मिलिअँपिअर प्रवाह गेला, तरी जीव जाऊ शकतो. 16 चा खटका तर 16,000 मिलिअँपिअर सुखाने वाहू देतो! माणसासाठी चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आर.सी.सी.बी. ही दोन्ही हवीत. त्यावर 'टी' अक्षराचे चाचणी-बटण असते.

करून पहा

घरातील उपकरणांवरचे वॅट वहीत उतरवा, 230 ने भागा आणि कोणती उपकरणे एका लाइनवर आहेत ते मोठ्यांना विचारा. बेरीज खटक्यावर छापलेल्या आकड्याहून जास्त येते का, ते पहा. पेटी मात्र उघडू नका. ते काम परवानाधारक वायरमनचे. आणि खटका वारंवार पडत असेल, तर त्याला दोष देऊ नका. तो काय सांगतो आहे, ते आधी ऐका.