सूर्य साठवावा कशात?

सूर्य आपल्याला पुष्कळ देतो. महाराष्ट्रात निरभ्र दिवशी एक चौरस मीटर जमिनीवर पाच-सहा युनिट ऊर्जा पडते. अडचण एवढीच की दिवे लागतात ते सूर्य मावळल्यावर!

खनिज तेल म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी साठलेले ऊनच. पण आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आपण परदेशांतून आणतो. 1973 च्या अखेरीस त्याची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली, तेव्हा जगभर लोक उन्हाकडे वळले. सौरवीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांतले लिथियमचे सेलही आज बहुतांशी बाहेरूनच येतात.

या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या फलटणला शोधले गेले. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी 1981 मध्ये अमेरिकेहून आले. संस्थेने गोड ज्वारी निवडली. तिच्या कणसात दाणा येतो आणि ताटात उसासारखा गोड रस. रस आंबवला की अल्कोहोल होते. पण ते पाण्यापासून वेगळे करायला उष्णता हवी. शुद्ध अल्कोहोल 78 अंशांना उकळते, आणि त्याहून कमी तापमानालाही पाण्यापेक्षा लवकर वाफ होऊन जाते. म्हणजे काचेखालच्या काळ्या पत्र्यावर तापलेले पाणीही या कामाला चालते. तसे सुमारे 38 चौरस मीटर संग्राहक आणि 2150 लिटरची गरम पाण्याची टाकी तेथे बसवली गेली.

आता गणित करू. टाकीतले पाणी 20 अंशांनी निवले, तर 2150 × 20 × 4.2, म्हणजे सुमारे 1,80,000 किलोज्यूल उष्णता मिळते. एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल; तेव्हा ही झाली 50 युनिटे. एक लिटर अल्कोहोल जाळले की सुमारे 21,000 किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ 6 युनिटे मिळतात. टाकीभर पाण्यातली उष्णता साडेआठ लिटर अल्कोहोलात मावली! शिवाय पाणी दोन-चार दिवसांत निवते, अल्कोहोल बंद पिंपात महिनोन्‌महिने राहते.

मग सगळीकडे गोड ज्वारीच का पेरू नये? कारण पान उन्हाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग साठवते, तर सौरघट सुमारे 20 टक्क्यांची वीज करतो. रानात पाणीही लागते, आणि आमच्या तालुक्यात ते सगळीकडे नाही. म्हणून मला वाटते, दिवसाचा पंप सौरघटावर चालवावा. साठवलेले इंधन चुलीसाठी नि इंजिनासाठी ठेवावे. इंजिनात मात्र त्या 6 युनिटांपैकी दीडच कामी येते, बाकीची उष्णता वाया जाते.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पाहा. तिच्यावर 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास असे लिहिलेले असेल, तर गुणाकार करून हजाराने भागा: 1.8 युनिट. वजन मात्र 50 किलोच्या आसपास! 75 वॉटचा पंखा तिच्यावर हिशेबाने 24 तास चालायला हवा. प्रत्यक्षात तो आधीच थांबतो. का, ते सरांना विचारा.