तो दगड कोणासाठी?

मनन : याकोब 2:1-9



नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) चित्रपटात कैकाडी समाजातल्या जब्याला शाळा बुडवून घरच्यांबरोबर डुकरे पकडावी लागतात. गाव बघत बसते, हसते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांच्या दिशेने येतो. आपण छळणारे नव्हतो, नुसते बघणारे होतो, तरीही!

श्रीमंताला मानाची जागा देऊन गरिबाला पायाशी बसवणे हे पाप आहे, असे संत याकोब बजावतात. ख्रिस्तसभेतही जातिभेद शिरला आहे, हे भारतातील कॅथलिक बिशपांनी 2016 मध्ये मान्य केले. मग आपल्या चिमूरमध्ये मिस्साला नवखा कोणी आला, तर आपण आधी आडनाव विचारतो, की सरकून जागा देतो? या आठवड्यात घरी यावर बोलू या.