आत्याचा आजार आणि आपण दोघी

अगं, आत्याच्या गाठीचा रिपोर्ट आल्यापासून तुझी झोप उडालीय, हे तू न सांगताही मला कळतंय. आजी पोटात पाणी होऊन गेली, आता ४२व्या वर्षी आत्याला स्तनाचा कॅन्सर. गावात कुणी नजर म्हणतं, कुणी मागच्या जन्मीचे भोग. यातलं काही मनावर घेऊ नकोस. जरा शांतपणे ऐक, कारण आपल्या हातात बरंच काही आहे.

आपल्या एकेका पेशीत डीएनएचा जवळजवळ दोन मीटर धागा गुंडाळलेला असतो. त्याला रोज हजारो ठिकाणी इजा होते, अगदी शरीरातल्या पाण्यानं आणि प्राणवायूनंसुद्धा. तरी आपण धडधाकट राहतो, कारण दुरुस्ती अखंड चालू असते. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात गँगमन रुळावरून फिरत असतात, तडा दिसला की तिथंच काम काढतात, तसंच हे. थॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांनी या दुरुस्तीच्या वेगवेगळ्या पद्धती उलगडल्या आणि २०१५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शेतात उन्हात राबताना त्वचेतल्या डीएनएची शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. मग पेशी तेवढा, साधारण तीसेक अक्षरांचा तुकडा कापून टाकते आणि समोरच्या धाग्याकडे बघून नवा भरते. ही सोय जन्मतःच नसलेल्या मुलांना उन्हानं लहानपणीच त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो.

सगळ्यात अवघड इजा म्हणजे दोन्ही धागे एकाच जागी तुटणं. तेव्हा पेशी नुकत्याच तयार झालेल्या दुसऱ्या प्रतीवरून मजकूर उतरवून घेते. त्या कामाला बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं लागतात. १९९४ आणि १९९५ साली ती सापडली. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते. पण एखाद्या पेशीत तीही गेली, की तुटकी टोकं कशीही जोडली जातात, चुका साचत जातात आणि कॅन्सरला वाट मिळते. असा बिघाड जन्मापासून असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर असते. अंडाशयाचा धोकाही खूप वाढतो. आजीच्या पोटातलं पाणी कदाचित तेच असेल. मात्र शंभरात पाच-दहा बायकांचाच स्तनाचा कॅन्सर असा घराण्यातून येतो, हेही लक्षात ठेव.

‘आत्या बाबांकडची, मुलींना काय त्याचं,’ असं काकू म्हणाली ना? ते बरोबर नाही. बाबांना काही त्रास नसला तरी बिघडलेली प्रत त्यांच्याकडे असू शकते, आणि असेल तर ती आपल्यापैकी प्रत्येकीकडे येण्याची शक्यता निम्मी. पुरुषांनाही त्यातून प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचा कॅन्सर होतो. म्हणून ही चौकशी फक्त बायकांची नाही.

घाईनं स्वतःचं रक्त देऊन येऊ नकोस. तपासणी आधी आत्याची व्हायला हवी. तिच्यात नेमका बिघाड सापडला, तरच आपल्यात काय शोधायचं ते कळतं. तिचाही फायदा आहे. ओलापॅरिबसारखी औषधं दुरुस्तीची दुसरी वाट अडवतात. बीआरसीए आधीच निकामी असलेली कॅन्सरची पेशी मग तग धरत नाही. आत्यात बिघाड निघाला तर पुढची पाळी बाबांची. त्यांच्यात तो नसेल, तर त्यांच्याकडून आपल्यात येण्याचा प्रश्नच मिटला. आणि आपल्यात निघालाच, तरी तो आजार नव्हे, आधीच मिळालेली सूचना आहे. दरवर्षी एमआरआय करून गाठ लहान असतानाच पकडता येते. मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढून टाकण्याचा निर्णयही डॉक्टरांशी बोलून घेता येतो.

परळचं टाटा हॉस्पिटल आणि घाट उतरून गेलं की खारघरचं त्यांचंच ॲक्ट्रेक, इथं घराण्यातल्या कॅन्सरसाठी सल्ला मिळतो. जाण्याआधी तीन पिढ्या कागदावर उतरव: कुणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी. आजीची जुनी कागदपत्रं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, ती काढ.

आणि आता मिश्रीचं. बाळंतपणानंतर तूही लावायला लागलीस, मला ठाऊक आहे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि हिरड्यांवर घासायची. दात साफ होतात म्हणे. तंबाखूतली नायट्रोसमाइनं डीएनएच्या अक्षरांवर डाग पाडतात. त्यातला एक डाग काढणारं प्रथिन तर एकदाच कामाला येतं. डाग स्वतःवर घेतो आणि बाद होतो. म्हणजे एका डागामागे एक प्रथिन खर्ची! रोज दोन-तीनदा मिश्री लावून ही भरपाई शरीरानं कुठवर करायची? तोंडाचा कॅन्सर याच वाटेनं येतो, त्याला घराण्यात बिघाड असावाच लागतो असं नाही.

आई-बाबांपासून काय आलं ते आपण निवडलेलं नाही. मिश्रीची डबी मात्र आपल्याच हातात आहे. ती आज टाक, आईचीही टाकायला लाव. आत्याशी मी बोलते, बाबांशी तू बोल, आणि खारघरला आपण सगळे मिळून जाऊ. एकटीनं कुढत बसू नकोस.