अंगठी फेकली, डबी ठेवली

प्रश्न : ‘वॉल-ई’ पाहिल्यापासून माझी सात वर्षांची मुलगी रोज विचारते, ‘आई, आपली पृथ्वीपण अशी होणार?’ असे सिनेमे दाखवणं चुकलं का?

उत्तर : चुकलं नाही, फक्त शेजारी बसून दाखवा. अँड्र्यू स्टँटन यांच्या २००८ सालच्या या चित्रपटात सुरुवातीला बराच वेळ जवळपास संवादच नाहीत. माणसं सोडून गेलेल्या पृथ्वीवरचे, कचऱ्याचे चौकोनी ठोकळे रचून केलेले मनोरे मूल नुसतं बघत राहतं, म्हणून ते मनात रुततं. मला मात्र ती माणसं राहतात त्या अंतराळयानातल्या पाळणाघराचा प्रसंग जास्त बोचतो. तिथे तान्ह्यांना मुळाक्षरांबरोबरच एका बलाढ्य कंपनीचं नाव शिकवतात, तीच त्यांची जिवलग! (आपल्याकडची पोरं जाहिराती तोंडपाठ म्हणतातच की.)

‘काही होत नाही गं’ म्हणून तिला उडवून लावू नका. कचऱ्यात हिऱ्याची अंगठी सापडते तेव्हा कचरा आवरणारा यंत्रमानव वॉल-ई अंगठी फेकून डबी जपून ठेवतो. त्यापेक्षा डबी का ठेवली असेल, ते तिलाच विचारा.

आणि शेवटी नावं सुरू झाली की टीव्ही बंद करू नका. माणसं आणि यंत्रमानव मिळून शेती करतात, घरं बांधतात, ती चित्रं तिथेच आहेत.